दीडशे रुपयांची चिप

पुणे,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय ज्ञाना,
सप्रेम नमस्कार.

परवाचा फोन अर्धवट राहिला. मागे हर्णैच्या बंदरावर लिलावाचा गलका होता, तुला धड ऐकू येत नव्हतं आणि मला धड बोलता येत नव्हतं. तू विचारलंस, "गार्गीला ड्रोनच्या कंपनीत नोकरी मिळतेय. मारायचे ड्रोन बनवतात म्हणे. जाऊ देऊ का? तू त्यातला माणूस आहेस, सांग." मी म्हणालो पत्र लिहितो, तर तू हसलास. पण दोन वाक्यांत उरकण्यासारखी ही गोष्ट नाही रे. तुझा प्रश्न ऐकल्यापासून मी दुसरं काही वाचलेलं नाही.

आपलं विमान आठवतं? शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, १९९७. थर्माकोलचे पंख, आणि आपला हट्ट असा की रिमोटला हात न लावता ते हवेत सरळ राहिलं पाहिजे. त्याला जायरोस्कोप, म्हणजे विमान किती वळलं-कललं ते मोजणारं यंत्र, हवं होतं. सरांनी कुणाकडे तरी चौकशी केली आणि जी किंमत सांगितली ती ऐकून आपण दोघं कॅन्टीनमध्ये चहा गार होईपर्यंत गप्प बसलो होतो. तेवढ्यात तुझ्या बाबांच्या बोटीचं इंजिन आलं असतं. शेवटी आपण लंबक आणि पोटेन्शिओमीटर लावला, आणि विमान ग्राउंडवर नाक खुपसून पडलं.

गेल्या रविवारी मी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ गेलो होतो. तिथे एका दुकानातून एक छोटा बोर्ड घेतला. त्यावरच्या नखाहून लहान चिपमध्ये तीन जायरोस्कोप आणि वेगातला बदल, झटका मोजणारे तीन ॲक्सेलरोमीटर आहेत. दीडशे रुपये. दुकानदाराने कागदाच्या पुडीत बांधून दिली, वाण्याने जिरं द्यावं तशी. ती पुडी आत्ता समोर टेबलावर आहे.

ही किंमत कशी उतरली ते मी जवळून पाहिलं आहे. तू बोटीवर गेलास, मी एअरबॅगमध्ये आलो. माझं काम नेमकं काय हे तुला कधी नीट सांगितलं नाही, आज सांगतो. गाडी धडकली हे एअरबॅगला काही मिलिसेकंदांत कळावं लागतं. पूर्वी त्यासाठी एका नळीत लोहचुंबकाने धरून ठेवलेली पोलादी गोळी असायची. जबर झटका बसला की गोळी सुटून पुढे जाई आणि सर्किट जोडलं जाई. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ॲनालॉग डिव्हायसेस या अमेरिकी कंपनीने हेच काम सिलिकॉनवर आणलं. केसाहून बारीक दातांचे दोन कंगवे एकमेकांत घातलेले, एक घट्ट बसवलेला, दुसरा सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर तरंगणारा. झटका बसला की तरंगता कंगवा किंचित सरकतो, दातांमधलं अंतर बदलतं, आणि त्यामुळे बदललेली धारकता, म्हणजे वीज साठवायची क्षमता, मोजता येते. पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहिलं तेव्हा मी घरी येऊन आईला सांगितलं होतं. तिला काही कळलं नव्हतं, पण मी किती खूश आहे ते कळलं होतं.

मग एअरबॅगच्या गाड्या कोट्यवधींनी विकल्या गेल्या. २००६ मध्ये निन्टेन्डोने वी नावाचा खेळ काढला, त्याच्या रिमोटमध्ये अशीच चिप होती; पोरं हात हलवून टेनिस खेळायला लागली. २००७ मध्ये आयफोन आला. फोन आडवा केला की चित्रही आडवं होई, ते याच चिपमुळे. २०१० च्या आयफोन ४ मध्ये जायरोस्कोपही बसला. म्हणजे ज्या वस्तूसाठी आपण कॅन्टीनमध्ये गप्प बसलो होतो, ती तेरा वर्षांत लोकांच्या खिशात गेली. तिची किंमत कुठल्या सैन्याने उतरवली नाही. गाडी घेणाऱ्यांनी, खेळणाऱ्या पोरांनी आणि फोनवर फोटो काढणाऱ्या तुझ्या-माझ्यासारख्यांनी ती उतरवली.

जीपीएसचं तर तुला माहीतच आहे. तुमच्या बोटीवर ते यंत्र आलं तेव्हा तुझे बाबा त्याच्याकडे बघतही नसत. सुवर्णदुर्ग आणि मागच्या डोंगरांच्या खुणा त्यांना पुरत. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळायची, जागा शंभर-शंभर मीटर इकडेतिकडे दाखवायची. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ती बंद झाली आणि एका रात्रीत सगळ्या जगाच्या तांडेलांना आपली जागा नीट दिसू लागली. क्षेपणास्त्रांसाठी कुणी ते वापरू नये म्हणून बाजारातल्या यंत्रांवर एक बंधन मात्र राहिलं: १८ किलोमीटरहून उंच आणि ताशी सुमारे १,९०० किलोमीटरहून वेगाने गेलं की यंत्राने गप्प बसायचं. वेगवान, उंच जाणारं क्षेपणास्त्र डोळ्यांसमोर ठेवून केलेला नियम तो. झाडांच्या शेंड्यांवरून मोटरसायकलच्या वेगाने येणारं काही त्यांना तेव्हा धोक्याचं वाटलं नव्हतं.

घरातली वस्तू रणांगणावर जाणं नवीन नाही म्हणा. दुसऱ्या महायुद्धात विमानाजवळ पोचताच आपोआप फुटणारा तोफगोळा बनवला गेला. त्याच्या टोकाशी अख्खा रेडिओ मावायला हवा होता, आणि रेडिओतल्या इतक्या लहान काचेच्या व्हॉल्व्हची तोवरची विद्या बहिऱ्या माणसांच्या श्रवणयंत्रांसाठी विकसित झाली होती. तीच कामी आली. पण तो गोळा बनवायला अमेरिकेसारखा देश लागला. नेम धरण्याची शक्ती पुढेही श्रीमंत देशांकडेच राहिली. व्हिएतनाममधला थान्ह होआ पूल पाडायला अमेरिकेने १९६५ पासून शेकडो फेऱ्या मारल्या, विमानं गमावली, पूल उभाच. १९७२ मध्ये लेझरने दिशा मिळणारे बॉम्ब आले तेव्हा कुठे तो पडला. त्या दिवसापासून नेम अचूक असणं ही मोठी गोष्ट झाली, आणि तिची किंमतही तशीच होती. टॉमहॉक क्षेपणास्त्र दहा लाख डॉलरच्या वर, रणगाडा फोडणारं जॅव्हलिन दोन लाख डॉलरच्या आसपास, जीपीएसवर चालणारा एक्सकॅलिबर तोफगोळा लाखभर डॉलरचा.

२००३ मध्ये न्यूझीलंडच्या ब्रूस सिम्पसन यांनी जाहीर केलं होतं की बाजारात मिळणारे भाग घेऊन ५,००० डॉलरच्या आत छोटं क्रूझ क्षेपणास्त्र बांधता येतं, आणि ते बांधायलाही घेतलं. बातमी वाचून मी ती विक्षिप्त माणसाची गोष्ट म्हणून बाजूला ठेवली. माझी चूक झाली. त्यांना जे दिसलं होतं ते मला माझ्याच टेबलावर दिसायला हवं होतं.

त्यानंतर काय झालं ते तू तुकड्यातुकड्यांत ऐकलं असशील. २०१६-१७ मध्ये मोसुलच्या लढाईत आयसिसचे लोक डीजेआय या चिनी कंपनीच्या कॅमेरा-ड्रोनमधून हातबॉम्ब टाकत होते. आपल्याकडे लग्नात नवरानवरीचं वरून शूटिंग करतात ना, तसलेच ड्रोन. त्याच सुमाराला अमेरिकेचे जनरल डेव्हिड पर्किन्स यांनी एक किस्सा जाहीरपणे सांगितला होता: त्यांच्या एका मित्रदेशाने दोनशे डॉलरचा क्वाडकॉप्टर पाडायला तीस लाख डॉलरचं पेट्रियट क्षेपणास्त्र डागलं. क्वाडकॉप्टर पडला. पण शत्रू असले स्वस्त क्वाडकॉप्टर हवे तेवढे विकत घेऊन आपली सगळी पेट्रियट संपवू शकतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग युक्रेन. तिथला खरा बदल पोरांच्या एका छंदातून आला. डोळ्यांवर गॉगल लावून, ड्रोनच्या कॅमेऱ्याला दिसतं तेच बघत ड्रोनच्या शर्यती खेळतात, ते एफपीव्ही, म्हणजे फर्स्ट पर्सन व्ह्यू. कार्बनची चौकट, चार मोटरी, छोटा कॅमेरा, आणि मधोमध माझ्या पुडीतल्या चिपसारखी चिप. आपल्याला विमान सरळ ठेवता आलं नव्हतं, ते काम ही चिप सेकंदाला हजारो वेळा करते. त्याखाली स्फोटक बांधलं की चारशे-पाचशे डॉलरमध्ये, म्हणजे चाळीसेक हजार रुपयांत, चालवणाऱ्याच्या डोळ्यांनी बघत जाणारं क्षेपणास्त्र तयार. युक्रेनमध्ये साध्या गृहस्थांनी, गृहिणींनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सोल्डरिंग करून असे ड्रोन जोडले आणि आघाडीवर पाठवले. २०२४ या एका वर्षात त्या देशाने दहा लाखांहून अधिक ड्रोन बनवले. डीजेआयने एप्रिल २०२२ मध्ये रशिया आणि युक्रेन या दोन्ही देशांतला धंदा थांबवला होता, पण मोटरी, कॅमेरे, बॅटऱ्या चीनमधून दोन्हीकडे जातच राहिल्या. एकाच कारखान्याच्या मोटरी समोरासमोर.

या वर्षी १ जूनला झालेला हल्ला तर मी रात्रभर जागून वाचला. युक्रेनच्या गुप्तहेरांनी ११७ ड्रोन चोरून रशियात नेले आणि तिथे ट्रकवरच्या लाकडी खोल्यांच्या छपराखाली लपवले. विमानतळांजवळ छपरं उघडली आणि ड्रोन उडाले. सायबेरियातला बेलाया तळ युक्रेनपासून ४,००० किलोमीटरहून लांब आहे, तिथे उभी बॉम्बर विमानं पेटली. व्हिडिओत पडद्यावर ड्रोन चालवणारं जे सॉफ्टवेअर दिसत होतं ते आर्डुपायलट. ते फुकट आहे, कुणीही उतरवून घ्यावं. त्याची मुळं २००७ मध्ये क्रिस अँडरसन या गृहस्थाने मुलांबरोबर लेगोच्या तुकड्यांतून जोडलेल्या ऑटोपायलटमध्ये, म्हणजे विमान आपोआप चालवणाऱ्या यंत्रात आहेत. त्यांना पुढे भेटलेला जोर्डी मुन्योझ हा मेक्सिकोचा पोरगा वी खेळाच्या कंट्रोलरमधला सेन्सर काढून खेळण्यातलं हेलिकॉप्टर स्थिर करत होता. ज्ञाना, ते आपणच होतो की. आपल्याला दहा वर्षं उशिरा जन्म मिळाला असता तर तो सेन्सर आपण काढला असता. अँडरसननी तो पडदा ओळखला आणि तसं जाहीर सांगितलं. त्या क्षणी त्यांना काय वाटलं असेल हे मी कितीतरी वेळ मनात आणून बघतो आहे.

तू म्हणशील, स्वस्त ते टिकतं का? नाही टिकत. असे अर्ध्याहून अधिक ड्रोन लक्ष्यापर्यंत पोचतच नाहीत. सिग्नल जॅम होतो, वारा येतो, बॅटरी थंडीत मान टाकते. २०२३ मध्ये युक्रेन महिन्याला दहा हजार ड्रोन गमावत असल्याचा ब्रिटिश अभ्यासकांचा अंदाज होता. पण महाग शस्त्रांचं काय झालं बघ. लाखभर डॉलरचा एक्सकॅलिबर रशियाच्या जीपीएस-जॅमिंगपुढे इतका चुकू लागला की त्याचा वापरच आटला. त्यात बदल करायचा तर कंत्राट, चाचण्या, मंजुऱ्या, वर्षं जातात. स्वस्त ड्रोनवाला आज हरला की आठवड्याभरात फ्रीक्वेन्सी बदलून परत येतो. रेडिओच बंद पडतो म्हटल्यावर त्यांनी काय केलं माहीत आहे? ड्रोनच्या पोटाशी इंटरनेटच्या फायबरचं रीळ बांधलं. ड्रोन उडतो तसा केसासारखा काचेचा धागा मागे सुटत जातो, दहा-वीस किलोमीटर, आणि तो कुठल्याही जॅमरला दाद देत नाही. आता तिथल्या शेतांवर, झुडपांवर ते धागे कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरलेत. उन्हात चमकतात.

इथवरचं सगळं तू वर्तमानपत्रातही वाचशील. मला झोप लागत नाही ती याच्या पुढच्या गोष्टीने.

क्षेपणास्त्र दोन लाख डॉलरचं होतं तेव्हा ते रणगाड्यावर, पुलावर, बोटीवर डागायचे. एकट्या चालत्या माणसावर सहसा कुणी डागत नसे, कारण हिशेब बसत नसे. दयेमुळे नव्हे, करारामुळेही नव्हे. साधा माणूस वाचत होता तो शस्त्र महाग होतं म्हणून. आम्ही अभियंत्यांनी तीस वर्षं मान मोडून ती किंमत उतरवली आणि एकट्या माणसाचं ते कवच गेलं. आता खंदकातून पाणी आणायला निघालेल्या एका शिपायामागे एक ड्रोन लागतो. आणि शिपायापाशीच थांबतं असंही नाही. दक्षिण युक्रेनमध्ये नीपर नदीकाठी खेरसोन शहर आहे. नदीपलीकडून रशियन ड्रोन येतात आणि सायकलवरून जाणाऱ्याला, बसथांब्यावर उभ्या बाईला, रुग्णवाहिकेला हेरून मारतात. तिथले लोक याला माणसांची शिकार म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने या वर्षी मे महिन्यात नोंदवलं की हे हल्ले म्हणजे मानवतेविरुद्धचा गुन्हा आहे. यात एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तोफगोळा चुकून पडतो असं म्हणायची सोय होती. इथे चालवणाऱ्याला गॉगलमध्ये समोरचा माणूस दिसतो. शेवटच्या सेकंदापर्यंत दिसतो.

आणि आता तो चालवणाराही बाजूला होण्याच्या बेतात आहे. फोनला तुझा चेहरा ओळखायला शिकवणाऱ्या चिपा स्वस्त झाल्या आहेत. सिग्नल तुटला तरी कॅमेऱ्याने पकडलेलं लक्ष्य सोडायचं नाही, एवढं त्या करू शकतात आणि आघाडीवर करतही आहेत.

आपल्या देशाचं म्हणशील तर आपण यातून बाहेर नाही. २७ जून २०२१ ला जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनने स्फोटकं टाकली, दोन जवान किरकोळ जखमी झाले. या मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूरनंतर, एका रात्रीत पाकिस्तानने लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी तीनशे-चारशे ड्रोन पाठवले असं आपल्या सैन्याने सांगितलं. त्यातले बरेचसे आपली रडारं कुठे आहेत, तोफा कुठून बोलतात हे चाचपायला आले होते. ते पाडताना जुन्या एल-७० विमानविरोधी तोफाही कामी आल्या, कारण प्रत्येक ड्रोनवर क्षेपणास्त्र खर्चणं कुणालाच परवडत नाही. म्हणून इथे कुणी ही यंत्रं बनवूच नयेत असं मी म्हणू शकत नाही. सीमेवरच्या पोराच्या आईला मी काय तोंड दाखवू? तयार ड्रोनच्या आयातीवर सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी घातली, सुटे भाग मात्र येऊ दिले, आणि त्या भागांत चीनचे किती हा घोर अजून आहे. ते भाग इथे बनवायला गार्गीसारखी हुशार मुलं लागणारच.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी तिला "जाऊ नकोस" म्हणणार नाही. एअरबॅगसाठी बनलेली वस्तू कुठवर गेली हे पाहिल्यावर, अमुक नोकरी स्वच्छ आणि तमुक नाही असं सांगायचा अधिकार मला वाटत नाही. पण मुलाखतीत तिने एक प्रश्न विचारावा असं मला फार वाटतं: तुमचं यंत्र सोडल्यावर परत बोलावता येतं का? नागपुरात बनलेलं नागास्त्र-१ आहे ना, आपल्या लष्कराने घेतलेलं, त्याला पॅराशूट आहे. लक्ष्य सापडलं नाही किंवा हल्ला रद्द करावा लागला तर ते माघारी येतं आणि पॅराशूटने उतरतं. नऊ किलोचं यंत्र, एक किलोचं स्फोटक, आणि वजनाचा एवढा कंजूष हिशेब असताना कुणीतरी परत येण्यासाठी जागा राखली. मला ते वाचून बरं वाटलं. तिला सांग, त्या जागेसाठी भांडायचं. पैसे वाचवायला, वजन वाचवायला पहिल्यांदा तेच कापायची सूचना येईल. मी जवळजवळ तीस वर्षं अशा बैठकांत बसलो आहे, काय कापलं जातं ते मला माहीत आहे.

आणि जमलं तर तिने पाडणाऱ्या बाजूला काम मागावं. ड्रोन ऐकणं, ओळखणं, अडवणं. ते जास्त अवघड आहे आणि त्यात माणसं कमी आहेत.

यावरून एक तुझ्या कामाचं. खेरसोनमध्ये आणि पूर्वेकडच्या गावांत रस्त्यांवर आता मांडव घातलेत, खांबांवर ताणलेल्या मासेमारीच्या जाळ्यांचे. ड्रोनचे पंखे त्यात गुरफटतात आणि तो खाली पोचत नाही. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी आपली खोल समुद्रातली जुनी जाळी ट्रकमध्ये भरून तिकडे पाठवली, डेन्मार्क-स्वीडनमधूनही गेली. वाचल्यावर मला तुझं अंगण आठवलं, आणि पावसाळ्यात काकी जाळी शिवत बसतात तो ओटा. एवढ्या लांबच्या कोळ्यांना सुचलं ते आपल्याकडे कुणी करून पाहिलं आहे का, मला माहिती काढायची आहे.

तुझ्याकडची दोन-तीन टाकाऊ जाळी देशील का? एक बारीक आसाचं, म्हणजे बारीक भोकांचं, एक मोठ्या आसाचं, आणि तो जाड नायलॉनचा प्रकार, ज्यात सुरमई धरता. गार्गीला दिवाळीची सुट्टी उरली असेल तर तिच्याबरोबरच पाठव. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर खांब आहेत. माझ्याकडे पुडीतली चिप आहे, चार मोटरी आहेत, आणि खाली गादी अंथरू. कोणत्या जाळ्यात पंखा लवकर अडकतो ते आम्ही दोघं मोजू. तू आलास तर आणखी चांगलं. जाळं किती ढिलं सोडायचं हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

काकींना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, गार्गीला आशीर्वाद.

तुझा,
विनय